आधी आकार, मग फंक्शन

पोरी, हॅस्केल या फंक्शनल भाषेत एपीएल भाषेच्या धर्तीचे अ‍ॅरे आणायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून बरं वाटलं. तू फोनवर ‘मामा, सुरुवात कुठून करू?’ असं विचारलंस तेव्हा इथे वरूडला मृग बहाराची तोड सुरू होती. गाडी भरायची घाई, त्यात धड बोलता आलं नाही. म्हणून लिहून धाडतो. यातलं बरंचसं मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचं आहे, थोडं माझं. मंत्र सुटे सुटे आहेत, पण मुळाशी गोष्ट एकच. एका तुकड्याचं काम आपण सांगायचं आणि ते सगळ्या पसाऱ्यावर नेणं भाषेवर सोडायचं. भाषेला ते जमायचं असेल, तर पसाऱ्याचा आकार तिला सदैव ठाऊक हवा.

१. चिन्हं राहू दे, रीत घे

एपीएल म्हटलं की लोकांना तिची चित्रविचित्र चिन्हंच आठवतात. केनेथ आयव्हर्सन यांनी ही लिपी आधी फळ्यावर शिकवण्यासाठी बेतली होती, यंत्रासाठी नव्हे. त्यांचं पुस्तक १९६२ चं, आणि त्यावरून केलेली भाषा आयबीएमच्या यंत्रावर चालली ती १९६६ मध्ये. पुढे १९९० मध्ये त्याच आयव्हर्सन यांनी रॉजर हुई यांच्यासोबत ‘जे’ ही भाषा काढली. तिच्यात खास चिन्हं टाकून दिली आणि साध्या कीबोर्डवरची घेतली. तरी ती अस्सल अ‍ॅरेचीच भाषा राहिली. म्हणजे जीव चिन्हांत नव्हता.

चिन्ह बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. पुणे विद्यापीठात रुस्तुम मोदी यांनी गोफर ही फंक्शनल भाषा शिकवण्यासाठी थोडी वळवून घेतली होती, तिला पुगोफर म्हणत. त्यात फंक्शन लावताना मध्ये उघड टिंब द्यायचं, म्हणजे काय कशाला लावलं ते नवख्या मुलाला डोळ्यांनी दिसतं. असं कारण असेल तर खुशाल बदल. नुसतं एपीएलसारखं दिसावं म्हणून नको.

आणि अ‍ॅरे आणि फंक्शनल ही दोन परकी घराणी आपण जुळवतोय, असं मनात आणू नकोस. जॉन बॅकस यांचं ट्युरिंग पुरस्काराचं व्याख्यान १९७८ मध्ये छापून आलं. फंक्शनल प्रोग्रामिंगकडे लोकांचं लक्ष ओढणारं ते व्याख्यान. त्यातलं पहिलंच मोठं उदाहरण दोन ओळींच्या आंतरगुणाकाराचं आहे: जोड्या लाव, प्रत्येक जोडीचा गुणाकार कर, सगळ्यांची बेरीज घे. त्यात लूप नाही, चल नाही, आणि एपीएलची छाप तर उघड दिसते. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, तो पुरस्कार आयव्हर्सन यांना मिळाला. नातं जुनंच आहे, तू फक्त पुन्हा जाणं-येणं सुरू करतेयस.

२. आकार सांगितल्याशिवाय आकडा सांगू नकोस

बागेची वही घे. पाच वर्षं, दरवर्षी आंबिया आणि मृग असे दोन बहार, बारा ओळी, ओळीत वीस झाडं. प्रत्येक झाडाचा माल किलोत. एकूण आकडे २४००, पण ‘२४०० आकडे’ म्हटल्यानं काहीच कळत नाही. ‘५ × २ × १२ × २०’ म्हटलं की कळतं. अ‍ॅरे म्हणजे ही अक्षांच्या लांबीची यादी, म्हणजे आकार, आणि तो आकड्यांचा साठा, दोन्ही मिळून.

कोणतीही क्रिया लिहिण्याआधी कागदावर दोन आकार लिहायचे: आत काय जातं, बाहेर काय येतं. झाडांच्या अक्षावर बेरीज केली तर उरतं ५ × २ × १२. ओळींच्याही अक्षावर केली तर ५ × २, म्हणजे दर वर्षाचा दर बहाराचा एकूण माल. बेरीज झाली की तो अक्ष गळतो. हे पाठ झालं की निम्म्या चुका लिहिण्याआधीच सापडतात.

एकट्या आकड्यालाही आकार असतो, तो म्हणजे रिकामी यादी. रिकाम्या यादीचा गुणाकार १, म्हणून त्यात एकच आकडा मावतो. हे वाचून हसू येईल, पण तुझ्या लायब्ररीत एकटा आकडा हा वेगळा अपवाद म्हणून लिहिलास तर पुढे प्रत्येक फंक्शनला दोन-दोन फाटे फुटतील.

३. फंक्शनला विचार: तुला एका घासाला किती लागतं?

फंक्शनला एका घासाला किती अक्ष लागतात, यालाच रँक म्हणतात. बेरजेच्या चिन्हाला एका वेळी एक आकडा लागतो, त्याची रँक ०. सरासरीला आकड्यांची एक ओळ लागते, रँक १. तक्ता उलटा करणाऱ्या क्रियेला दोन अक्ष लागतात, रँक २. फंक्शन जेवढं खातं तो सेल, आणि बाहेर जे उरतं ती फ्रेम. वहीवर सरासरी चालवली तर सेल वीस झाडांचा आणि फ्रेम ५ × २ × १२ ची. निकालाचा आकार फ्रेमवरून आपोआप ठरतो.

हॅस्केलमध्ये नवखं पोरगं हेच काम मॅपच्या आत मॅप, त्याच्या आत मॅप असं लिहितं. चालतंही. मग उद्या कोणी म्हणतं की चार बागांचा हिशेब एकत्र घ्या. एक अक्ष वाढला की जागोजागी आणखी एक मॅप घालत बसावं लागतं. रँकच्या रीतीत सरासरीला हातही लावावा लागत नाही. तिला वीस झाडांची ओळ हवी, ती मिळते. बाहेर कितीही अक्ष असोत.

हेच तुझ्या लायब्ररीचं खरं काम समज. बाकी सगळी सजावट.

४. काप्रेकरांचा आकडा कसोटीला ठेव

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. काप्रेकर तुला माहीत आहेतच. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ हा आकडा सापडला. चार अंकी आकडा घ्यायचा, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि मोठ्यातून लहान वजा करायचा. हेच पुन्हा करत राहायचं. ३५२४ घे: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे तो हलत नाही.

आता हे ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजार आकड्यांवर एकदम चालव. आकड्यांचे अंक वेगळे केले की १०००० × ४ चा तक्ता. ओळीतले अंक लावणं ही रँक १ ची क्रिया, तक्ता तेवढाच राहतो. अंकांचा पुन्हा आकडा केला की आकार १००००. वजाबाकी रँक ० ची. हे सात वेळा केलं की तक्त्यात दोनच आकडे उरायला हवेत. सगळे अंक सारखे असलेल्या दहा जागी ०, आणि बाकी ९९९० जागी ६१७४. एवढ्या छोट्या कसोटीत अंक फोडणं, क्रम लावणं, उलटवणं, जोडणं, वजाबाकी आणि पुनरावृत्ती, सगळं तपासून निघतं.

हीच कसोटी लिस्टवर करून पाहा म्हणजे आकाराची किंमत कळेल. अंक लिस्टमध्ये काढले तर १००० मधून ०००१ वजा जाऊन आलेले ९९९ हे तीनच अंक होतात. पुढची वजाबाकी ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य, आणि गाडी रुळावरून गेली. चारचा अक्ष ठरलेला असेल तर तोच आकडा ०९९९ राहतो आणि ८९९१, ८०८२, ८५३२ असा बरोबर ६१७४ ला पोचतो. लिस्टची लांबी अंकांवर ठरते, अ‍ॅरेची तू ठरवतेस.

५. लिस्टला अ‍ॅरे म्हणू नकोस

हॅस्केलची लिस्ट गुणी आहे, आळशी आहे, अनंतही असू शकते. पण ६४ बिटी यंत्रावर दशांश आकड्यांच्या लिस्टमध्ये एकेका आकड्यामागे ४० बाइट जातात: २४ साखळीच्या कडीचे, १६ डबीत ठेवलेल्या आकड्याचे. सलग साठवला तर ८ बाइट पुरतात. दहा लाख आकड्यांना एकीकडे ४ कोटी बाइट, दुसरीकडे ८० लाख. शिवाय लिस्टमधला पाचशेवा घटक हवा तर आधीच्या सगळ्यांच्या दारावरून जावं लागतं.

म्हणून खाली अनबॉक्स्ड व्हेक्टर ठेव, एकच सपाट साठा, आणि वर आकाराची यादी. ५ × २ चे २ × ५ करताना साठ्याला हात लावायचा नाही, फक्त यादी बदलायची.

६. टाइपमध्ये रँक भर, लांबी घाईने भरू नकोस

फंक्शनल भाषेचं खरं बळ टाइपमध्ये. म्हणून मोह होतो की ५, २, १२, २० सगळंच टाइपमध्ये लिहावं. जरा दम धर. किती अक्ष आहेत हे प्रोग्राम लिहिताना सहसा ठाऊक असतं. प्रत्येक अक्ष किती लांब हे बहुतेकदा फाइल उघडल्यावर कळतं. आणि ‘चाळीस किलोंहून जास्त माल देणारी झाडं काढ’ म्हटलं की किती निघतील हे कोणताच कंपाइलर आधी सांगू शकत नाही.

२०१० मध्ये आलेल्या रेपा या हॅस्केलच्या लायब्ररीने हाच मधला रस्ता धरला. अक्ष किती ते टाइपमध्ये, लांबी किती ते चालताना. २०१४ मध्ये स्लेपॅक, शिव्हर्स आणि मनोलियोस यांनी रेमोरा ही भाषा मांडली, तिने आकारही टाइपमध्ये घेऊन दाखवला. कोपनहेगनच्या विद्यापीठातली फुथार्क लांबीही टाइपमध्ये लिहू देते आणि चाळणीतून निघालेल्या अ‍ॅरेला ‘काहीतरी लांबी’ असं नवं नाव देते. तिन्हींचं वाच, पण सुरुवात रेपाच्या रस्त्याने कर.

चूक झाली की निरोपात आकार छाप. ‘५ × २ × १२ आणि ५ × १२ जुळत नाहीत’ हे वाचून माणूस दोन मिनिटांत दुरुस्त करतो. टाइपच्या पानभर गिचमिडीने तो लायब्ररीच सोडून जातो.

७. आपोआप ताणायचं तर नियम एकच ठेव

वर्षाचा आणि बहाराचा भाव वेगळा, म्हणजे भावाचा तक्ता ५ × २. वही ५ × २ × १२ × २०. दोन्हींचा गुणाकार करायचा आहे. ‘जे’ भाषा आकार डावीकडून जुळवते: ५ ला ५, २ ला २, उरलेल्या १२ × २० वर तोच भाव. झालं काम. पायथनची नमपाय उजवीकडून जुळवते. ती २ ला २० शी भिडवायला जाते आणि थांबते.

थांबली तर नशीब समज. पाच वर्षांचे सरसकट भाव आहेत आणि ओळीत झाडंही पाचच आहेत, असं समज. नमपाय मुकाट्याने वर्षाचा भाव झाडाला लावेल, हिशेब येईल, आकार बरोबर दिसेल, आणि पैसे चुकीचे. कोणी ओरडणारच नाही. ती चूक माणसाला महिन्यांनी सापडते.

माझं मत विचारशील तर एकटा आकडा कशालाही आपोआप लागू दे. बाकी डावीकडून जुळवणं घे, कारण बाहेरचा अक्ष आधी हा रँकचाही क्रम आहे. उजवीकडून हवं असेल तर लिहिणाऱ्याने उघड सांगावं. दोन्ही नियम एकत्र ठेवू नकोस, ‘सोयीसाठी’ म्हणून तर मुळीच नको.

८. रिड्यूस करताना दिशा आणि रिकामं पोट विसरू नकोस

एपीएलमध्ये १ २ ३ ४ वर वजाबाकीचं रिड्यूस चालवलं तर उत्तर −२ येतं, कारण ते उजवीकडून मोजतात: ३ वजा ४, मग २ मधून ते, मग १ मधून ते. डावीकडून मोजलं तर −८. फंक्शनल भाषेत दोन्ही फोल्ड आहेत. तुझं रिड्यूस त्यातलं कोणतं, हे पहिल्याच पानावर लिही.

त्याहून बरं म्हणजे रिड्यूस फक्त अशाच क्रियांना दे, जिथे कंस कुठेही टाकला तरी उत्तर तेच. मग कंपाइलर काम चार हातांना वाटून देऊ शकतो. दशांश आकड्यांच्या बेरजेत शेवटचे अंक कंसागणिक किंचित हलतात, तेवढं कसोटीत सांभाळून घे.

आणि रिकामा अक्ष आला तर? एपीएल बेरजेला ०, गुणाकाराला १ आणि लघुतमाला यंत्रातला सर्वांत मोठा आकडा देते. हॅस्केलमध्ये रिकाम्या लिस्टचा लघुतम मागितला की प्रोग्राम पडतो. यावर तुझ्याच भाषेत तोड आहे: मोनॉइड. एकत्व घटक ज्याच्याकडे आहे त्यालाच साधं रिड्यूस. ज्याच्याकडे नाही, त्याला ‘कदाचित’ चं उत्तर. एखाद्या बहारात काहीच आलं नाही, असं वरूडमध्ये होतं. पाऊस आपल्या टाइपला विचारून पडत नाही.

९. अ‍ॅरे म्हणजे जागेवरून किंमत सांगणारं फंक्शन

दोन्ही जगं जिथे खरोखर जुळतात ती जागा ही. ‘तिसरं वर्ष, मृग, सातवी ओळ, चौथं झाड’ असं सांगितलं की किलो सांगणारं फंक्शन, म्हणजेच अ‍ॅरे. तक्ता उलटा करणं म्हणजे विचारण्याचा क्रम बदलणं. तुकडा कापणं म्हणजे काही जागा ठरवून टाकणं. ऑक्सफर्डच्या जेरेमी गिबन्स यांनी २०१७ मध्ये हाच धागा धरून एपीएलची रीत हॅस्केलच्या टाइपांत बसवून दाखवली. नेपियरियन फंक्टर हे नाव त्यांच्या निबंधात भेटेल.

व्यवहारातला फायदा असा की अशी पाच फंक्शनं एकावर एक रचली तरी मधला एकही अ‍ॅरे साठवावा लागत नाही. शेवटी मागितलं की एकदाच सगळं मोजलं जातं. पण साठवलेलं नाही म्हणजे दोनदा मागितलं तर दोनदा मोजलं जाणार. आधी मोजून ठेवलेला अ‍ॅरे आणि अजून फंक्शनच असलेला अ‍ॅरे, यांचे टाइप वेगळे ठेव. रेपाने ठेवले आहेत. ‘आता मोजून ठेव’ हा हुकूम लिहिणाऱ्याच्या हातात राहू दे. कंपाइलर शहाणा असला तरी आपला माल किती वेळा लागणार, हे आपल्यालाच ठाऊक.

१०. खुंट कोणाचा, डोळा कोणाचा, हे ठरव

आपल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. तुझ्या कामातही खुंट फंक्शनल भाषेचा आणि डोळा अ‍ॅरेचा. बदल न होणारी किंमत, टाइप आणि शुद्ध फंक्शन हे मूळ आहे, ते तसंच राहिलं पाहिजे. म्हणून एपीएलमधली ठराविक जागी किंमत बदलून टाकण्याची सवय जशीच्या तशी आणू नकोस. काहून म्हणशील तर, तिच्यापायी शुद्धपणा जातो आणि वरचं सगळं एकदम मोजण्याचं गणित कोसळतं. बदल लागतोच, उदाहरणार्थ मोजदादीचे गठ्ठे करताना. तिथे एसटी मोनॅडच्या चार भिंतींत बदल कर आणि बाहेर पूर्ण झालेला अ‍ॅरे दे.

११. एका ओळीचा गर्व बाळगू नकोस

अ‍ॅरेवाल्यांना एका ओळीत सगळं बसवायची हौस फार. सरासरीचं ‘बेरीज भागिले संख्या’ हे रूप देखणं आहे आणि हॅस्केलमध्ये फंक्शनच्या अ‍ॅप्लिकेटिव्हने तसंच लिहिता येतं. ते घे. पण सात क्रियांची साखळी झाली की मध्ये दोन नावं पाड आणि प्रत्येक नावाशेजारी आकार लिही. आकार लिहिलेली तीन ओळींची साखळी कोणीही वाचतो, आकार नसलेली एक ओळ तिच्या मालकालाही पुढच्या दिवाळीला वाचता येत नाही.

१२. कामाचा क्रम

पहिल्या महिन्यात फक्त एवढंच कर: आकार विचारणं, आकार बदलणं, अक्ष फिरवणं, रँक देऊन फंक्शन लावणं, रिड्यूस, स्कॅन, प्रत्येकाला प्रत्येकाशी भिडवणारा गुणाकार, क्रमाने जागा सांगणं, आणि चाळणी. या नऊ क्रियांवर ६१७४ ची कसोटी आणि बागेच्या वहीचा भाव-हिशेब, दोन्ही पार पडले पाहिजेत. ग्राफिक्स कार्डावर पळवणं, समांतर चालवणं, चिन्हं, सगळं नंतर.

लोक रोज नवी क्रिया मागायला येतील. नाही म्हणू नकोस. तिची रँक किती, रिकाम्या अक्षावर ती काय देते आणि निकालाचा आकार काय, हे तिन्ही सांगा म्हणावं. ज्याला तिन्ही सांगता आलं, त्याची क्रिया बहुतेक वेळा या नऊंतूनच बनते, आणि ती बनवून दाखवायला तुला दुपारही लागणार नाही.